सोळा टन केळी आणि अकरा तासांचं ऊन: सावद्याजवळच्या एका भरतीचा हिशेब

मे महिन्यातला मंगळवार. मामांच्या बागेत सकाळी सहाला विळा लागला. साडेआठपर्यंत निम्म्याहून जास्त घड बांधावर येऊन पडले होते आणि गाडी आली संध्याकाळी साडेसातला. अलीकडे घाटात कुठेतरी तिचा पाटा तुटला होता. ड्रायव्हर दर तासाला फोनवर सांगत होता, "निघालोच बघा." मधल्या अकरा तासांत सोळा टन कापलेली केळी कडुनिंबाच्या सावलीत मावेल तेवढी सावलीत आणि उरलेली उन्हात पडून राहिली. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचं मे महिन्यातलं ऊन कसं असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. मामांनी ओली गोणपाटं टाकली, वर केळीची पानं पसरली. अर्ध्या तासात गोणपाट पापडासारखं वाळायचं.

मी तेव्हा सुट्टीवर आलो होतो. पुण्यात माझं काम कंपन्यांच्या पुरवठा साखळीचा कार्बन हिशेब मांडण्याचं. कंपनी स्वतः जाळते ते इंधन आणि विकत घेते ती वीज सोडून बाकी सगळा धूर, म्हणजे कच्चा माल कुठून आला, तयार माल कोणत्या गाडीने गेला, शेवटी कचऱ्यात काय पडलं, या सगळ्याला आमच्यात 'स्कोप तीन' म्हणतात. तीन वर्षं हे काम करूनही आपल्याच मामाच्या केळीचा हिशेब कधी मांडला नव्हता. या भरतीने, म्हणजे गाडी भरून माल पाठवण्याच्या या एका खेपेने, तो मांडायला लावला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर बाहेरच्या वाचकाला हे प्रकरण कळायचं नाही. आमच्याकडे केळी बहुतेक बागेतच विकली जाते. बोर्डाचा, म्हणजे त्या दिवसाचा जाहीर भाव निघतो, त्यावर माल बघून फरक ठरतो, टोळी येते, कापते, मोजते, गाडी निघून जाते. एकदा काटा झाला की शेतकरी मोकळा. पुढे वाटेत काय पिकलं, काय सडलं, ते व्यापाऱ्याच्या वहीत. अर्थात व्यापारी ते आधीच भावातून कापून ठेवतो, पण ते कुठे लिहिलेलं नसतं. मामा आणि शेजारचे तिघे, अशा चौघांनी मागच्या वर्षापासून स्वतःच्या जोखमीवर दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या अडत्याला माल पाठवायला सुरुवात केली. म्हणून नासाडीचा आकडा त्यांच्या हातात आला. बाकीच्यांच्या बाबतीत तो असतोच, फक्त दिसत नाही.

पट्टी

सहा दिवसांनी पट्टी, म्हणजे अडत्याचा विक्रीचा हिशेब आला. गेले १६० क्विंटल, चांगला माल धरला १३८. उरलेले २२ क्विंटल 'डागी', म्हणजे कवडीमोल. पावणेचौदा टक्के. लुधियानाच्या सीफेट या केंद्र सरकारच्या संस्थेने २०१५ साली देशभरातल्या काढणीनंतरच्या नासाडीचा अभ्यास केला, त्यात केळीचा आकडा ७.७६ टक्के आहे. म्हणजे आमची ही एक गाडी देशाच्या सरासरीच्या पावणेदोन पट नासली.

असं का झालं, हे केळी लावणाऱ्याला पाठ असतं, तरी सांगतो. घड झाडावरून उतरला तरी फळ जिवंतच असतं, श्वास घेत राहतं. जितकं तापमान जास्त तितका श्वास जोरात. तेरा-चौदा अंशांना ते सुस्त पडून राहतं (त्याच्याही खाली नेलं तर साल काळवंडते). चाळिशीच्या वर त्याची धावपळ सुरू होते. एखादा घड पिकायला लागला की इथिलीन वायू सोडतो आणि तो शेजारच्या घडाला पिकायला लावतो. ताडपत्रीखाली कोंदलेल्या गाडीत हे एकापासून दुसऱ्याला लागत जातं. दिल्लीत जो वायू रायपनिंग चेंबरमध्ये (पिकवणीच्या बंद खोलीत) मोजून सोडायचा, तो इथे ग्वाल्हेर यायच्या आधीच आपोआप सुटला होता.

मी गाडीचा हिशेब मांडला. सावदा ते दिल्ली साधारण ११०० किलोमीटर. ड्रायव्हर म्हणाला, भरलेली गाडी लिटरला चार देते. म्हणजे २७५ लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एका खेपेला ७३७ किलो. सोळा टनांत वाटला तर किलोमागे ४६ ग्रॅम. आकडा बघून मामा म्हणाले, "बस? एवढाच?" त्यांना वाटलं होतं, अकराशे किलोमीटर म्हणजे फार मोठा असेल. खरं सांगायचं तर मलाही थोडं तसंच वाटलं होतं. 'जेवढं लांब तेवढं वाईट' हे शहरात फार ऐकायला मिळतं.

मग सडलेल्या मालाचा हिशेब. त्यासाठी एक किलो केळं पिकवायला काय जातं ते काढावं लागलं, आणि तिथे गाडी बाजूलाच राहिली.

मोटर

मामांच्या बोअरला पाणी तीनशे-सव्वातीनशे फुटांवर आहे. रावेर आणि यावल हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत बरीच वर्षं आहेत, त्यामुळे हे काही मामांचंच दुखणं नाही. ठिबकवर एका झाडाला पूर्ण हंगामात साधारण पाच हजार लिटर पाणी जातं. एवढं पाणी एवढ्या खोलवरून उचलायचं, वर ठिबकचा दाब द्यायचा, मोटर जुनी. झाडामागे चार युनिटच्या आसपास वीज लागते. आपल्या देशातली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटला साधारण ०.७ किलो धूर. म्हणजे झाडामागे २.८ किलो. बावीस किलोचा घड धरला तर किलोमागे १२७ ग्रॅम, नुसत्या पाण्याचे.

युरियाचं वेगळं. झाडाला शिफारस २०० ग्रॅम नत्राची. त्यातला थोडा भाग मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पावणेतीनशे पट तापवणारा आहे, त्यामुळे थोडाही पुरतो. त्यात युरिया कारखान्यात बनतानाचा गॅस धरला की किलोमागे आणखी सत्तर ग्रॅम. थोडक्यात बांधावर येईपर्यंतच एका किलो केळ्याने सुमारे २०० ग्रॅम धूर खाल्लेला असतो आणि दोनशे लिटरच्या वर पाणी प्यायलेलं असतं. दिल्लीपर्यंतचा ट्रक त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ट्रकवाल्याला शिव्या देऊन काय उपयोग. धूर तर माझी मोटरच काढते, दीपनगरच्या चिमणीतून." दीपनगरचं औष्णिक केंद्र भुसावळजवळच आहे. इकडच्या माणसाला वीज कुठून येते हे दाखवायला नकाशा लागत नाही.

सडलेलं केळं कचऱ्याच्या ढिगात गेलं की हवेशिवाय कुजतं आणि मिथेन सोडतं. उथळ ढीग धरला तरी किलोमागे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. म्हणजे फेकलेलं प्रत्येक किलो ०.२ पिकवतानाचं आणि ०.५ कुजतानाचं, असं ०.७ किलोचं ओझं. २२ क्विंटल डागी मालातला निम्मा हातगाडीवाल्यांनी उचलला असं मी धरलं. आणखी थोडा मंडीतल्या गायींनीही खाल्ला असेल, गायींची नोंद पट्टीत नसते. उरलेले ११ क्विंटल फेकले गेले तर ७७० किलो.

गाडीच्या डिझेलचा धूर ७३७ किलो आणि कडुनिंबाखाली अकरा तास पडून राहण्याचा ७७०. एक पाटा तुटला, आणि जणू सावद्याहून दिल्लीला आणखी एक गाडी गेली.

रेल्वेचा डबा

पट्टी बघून चौघांपैकी एका काकांनी रेल्वेचा विषय काढला. आमच्याकडे हा विषय कधी संपत नाही. रावेर, निंभोरा, सावदा या स्टेशनांवरून दिल्लीला केळीच्या वॅगनी भरण्याला कित्येक दशकं झाली. आजोबा 'वॅगन मिळाली का' हा प्रश्न 'जेवलास का' या सुरात विचारायचे. २०२० च्या ऑगस्टमध्ये देवळाली-दानापूर ही पहिली किसान रेल सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून फळं-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली, आणि रावेर-सावद्याहून दिल्लीच्या आदर्श नगरला केळीच्या गाड्या निघाल्या. आदर्श नगर स्टेशन आझादपूर मंडीला लागूनच. पुढे सवलत संपली, आणि भाड्याचं गणित परत ट्रकच्या जवळ आलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात या चौघांनी आणखी काही शेतकऱ्यांबरोबर एका गाडीतला एक पार्सल डबा घेतला, २३ टनांचा. मी मुद्दाम थांबलो होतो.

धुराच्या बाबतीत रेल्वे जिंकणार हे आधीच माहीत होतं. भुसावळहून दिल्लीची लाइन विजेवर चालते. डब्याचं वजन, मालाचं वजन आणि अंतर धरून, हजार टन-किलोमीटरला (हजार टन वजन एक किलोमीटर ओढायला) सात युनिट या दराने किलोमागे १३ ग्रॅम येतात. बागेपासून स्टेशनच्या मालधक्क्यापर्यंतची छोटी गाडी आणि दिल्लीतला टेम्पो यांचे मिळून आणखी चार. एकूण १७. ट्रकच्या ४६ पुढे हे फारच कमी.

पण रेल्वेत माल चार वेळा हाताळला जातो. बागेतून छोट्या गाडीत, तिथून धक्क्यावर, धक्क्यावरून डब्यात, दिल्लीत परत डब्यातून टेम्पोत. प्रत्येक हाताळणीत फण्या मोडतात, साल खरचटते. खरचटलेली जागा दुसऱ्या दिवशी काळी. धक्क्यावर मी एका हमालाला बघत होतो. चुंबळीवर दोन घड, उघडे पाय, खालची फरशी इतकी तापलेली की तो अक्षरशः पळत होता. पळणाऱ्या माणसाने घड हळुवार ठेवावा अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. हमालीचा दर नगावर, हळू ठेवण्याचे पैसे कोणी देत नाही.

पट्टीत घट आली २३० क्विंटलला ९ क्विंटल. चार टक्क्यांच्या आत. मामा खूश. काका तर म्हणाले, "सांगत होतो ना भो, रेल्वेच बरी." मला मात्र ते तेवढं सरळ वाटलं नाही. रेल्वेची वेळ पक्की असते, डबा लागल्यावर ठरलेल्या तासांत भरला नाही तर डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड बसतो. त्या धास्तीने चौघांनी टोळीला पहाटे चारला बोलावलं, डोक्याला बॅटऱ्या लावून कापलं आणि नऊच्या आत माल धक्क्यावर नेला. घड उन्हात पडलेच नाहीत. म्हणजे फायदा नेमका कशाचा, रुळांचा की घड्याळाचा?

ते ठरवायला तिसरी भरती हवी होती, आणि ती मिळाली. पुढच्याच आठवड्यात परत ट्रक, परत सोळा टन, पण या वेळी रेल्वे समजूनच कापलं: पहाटे चारला सुरू, गाडी आधीच बांधावर उभी, आठला ताडपत्री बांधून रवाना. मध्ये धक्का नाही, हमाल नाही, टेम्पो नाही. घट आली ५ क्विंटल. टक्केवारीत रेल्वेपेक्षाही कमी.

तीनही भरत्यांत डागी मालाचा निम्मा फेकला गेला असं धरून, वाहतूक आणि नासाडी मिळून किलोमागे असं येतं: मे मधली बिघडलेली ट्रकची खेप ९४ ग्रॅम, पहाटेची ट्रकची खेप ५७, रेल्वे ३१. रेल्वे सगळ्यांत चांगली, यात वाद नाही. पण वाईट ट्रक आणि चांगला ट्रक यांच्यातलं अंतर ३७ आहे, आणि चांगला ट्रक व रेल्वे यांच्यातलं २६. डबा मिळणं न मिळणं मामांच्या हातात नाही. विळा कधी लावायचा, ते आहे.

या हिशेबातली एक फट मीच दाखवतो. ट्रकचा परतीचा प्रवास मी धरलेला नाही, कारण दोन्ही ड्रायव्हरांना दिल्लीहून परतीचा माल मिळाला होता आणि त्याचा धूर त्या मालाच्या नावावर. गाडी पूर्ण रिकामी परत आली असती तर किलोमागे आणखी तीसेक ग्रॅम चढले असते आणि रेल्वेचं पारडं एकदम जड झालं असतं. रेल्वेचे डबेही रिकामे परत येतात, पण विजेवर रिकामा डबा ओढायला त्या मानाने थोडं लागतं. शिवाय तीन भरत्या म्हणजे काही अभ्यासाचा नमुना नव्हे. एका बागेचं, एका हंगामाचं हे प्रकरण आहे, तेवढंच त्याचं म्हणणं.

दांडा

धक्क्यावर बसल्या बसल्या मी एक उद्योग केला. एक घड तोलला: २४ किलो ३०० ग्रॅम. मग त्याच्या सगळ्या फण्या सोडवून नुसता दांडा तोलला: १ किलो ९०० ग्रॅम. पावणेआठ टक्के. सोळा टनांच्या गाडीत सव्वा टन दांडेच. ते इथून दिल्लीला जातात आणि तिथे मंडीच्या कचऱ्यात पडतात. बागेत राहिले असते तर मामांनी कुट्टी करून खोडाशी टाकले असते, पालाश (पोटॅश) तरी परत मातीत गेलं असतं. आपण दर गाडीमागे सव्वा टन खत भाडं भरून दिल्लीला पाठवतो आणि वर्षाला पोटॅशच्या गोण्या विकत आणतो.

मग फण्या इथेच का सोडवत नाहीत? कारण सुट्या फण्या क्रेटमध्ये किंवा खोक्यात भराव्या लागतात. चौघांनी मागच्या हिवाळ्यात क्रेट करून बघितले. माल सुंदर पोचला, क्रेट मात्र परत आलेच नाहीत. रिकामे क्रेट दिल्लीहून आणायला कोण भाडं देणार, यावर अडत्या आणि हे चौघे यांच्यात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खोक्याचा रस्ता निर्यातवाल्यांचा. २०२१ साली आमच्याच जिल्ह्यातल्या तांदलवाडीहून २२ टन भौगोलिक मानांकनाची केळी दुबईला गेली, त्यानंतर या भागात पॅकहाउसची भाषा वाढली. तिथलं काम बघण्यासारखं असतं. घड जमिनीला टेकतच नाही, फण्या तुरटीच्या पाण्यात धुऊन चीक काढतात, मग तेरा-साडेतेरा किलोचं खोकं, आत प्लास्टिकची पिशवी, फण्यांमध्ये फोम, पुढे थंड कंटेनर. नासाडी जवळपास नाही. पण कागद, प्लास्टिक आणि थंडाव्याची वीज हा सगळा नवा खर्च धुराच्या वहीत चढतो. दांडा बागेत राहतो हे त्यातलं मला सगळ्यांत आवडलेलं. बांधावर मात्र घड झाकायला घातलेल्या प्लास्टिकच्या स्कर्टिंग बॅगांचे ढीग राहतात, संध्याकाळी कोणीतरी काडी लावतं. तो वास ज्याने घेतलाय त्याला वेगळा हिशेब मांडून दाखवायची गरज नाही. बॅगा परत घेण्याची सोय विकणाऱ्याने करावी असं मी मामांना म्हणालो, तर ते नुसते हसले.

पहाटेचा विळा

ठरवलं सोपं, करताना अवघड गेलं. त्या दोन भरत्यांपुरती टोळी आली, पण दर वेळी पहाटे चारला यायला तयार होईना. सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांत बिबट्या असतो, आणि ठिबकच्या ओलाव्याला साप. अंधारात केळीच्या ओळीत शिरायचं म्हणजे चेष्टा नाही. मुकादमाने सरळ सांगितलं, "आप्पा, केळी नासली तर पट्टी कापून येते. माणूस गेला तर?" याला उत्तर नव्हतं. शेवटी साडेपाचला, झुंजुमुंजू झाल्यावर सुरुवात, नऊला विळा बंद, आणि उरलेला माल असेल तर तो दुसऱ्या दिवशी. मजुरीचा दर थोडा वाढवून दिला, शिवाय बांधावर हिरव्या जाळीचा मांडव. मांडवाचे पैसे एका भरतीतल्या नासाडीच्या फरकातच निघाले, त्यामुळे त्यावर कोणाचा वाद झाला नाही.

मोटरचं काम तेवढं सुटलेलं नाही. १२७ ग्रॅमचा तो आकडा मामांनी दैनंदिनीत लिहून ठेवलाय. जुनी मोटर बदलली तर वीज किती वाचेल ते मी काढून दिलं. त्यांनी विचारलं, "पाणी वर येईल का पण?" मोटर बदलून पाणी वर येत नसतं. पुढच्या लावणीत दोन हजार खोडं कमी लावायचं ते मनात धरून आहेत. मामी म्हणतात, दरवर्षी मृगाच्या आधी असंच म्हणतात.

परवा फोन केला तेव्हा मागे टोळीचा आवाज होता, पण कापणीचा नाही, गप्पांचा. भरती होती. सगळे बांधावर बसून चहा पीत होते, विळे झाडाला टांगलेले. मामा दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरशी बोलत होते: "तू बऱ्हाणपूर सोडलं की सांग भो. तोवर मी एकपण घड उतरवत नाही."